आईचा दुसरा बाप्तिस्मा

बाबांना माती देऊन घरी आलो तेव्हा मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मी मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक अडकवत बसलो. बघणाऱ्यांना वाटलं, थोरला किती खंबीर. खंबीर कसला, दुसरं काही सुचत नव्हतं. पुढचे दिवसही तसेच गेले. सकाळी बियाण्यांच्या प्लांटवर जायचो, संध्याकाळी यायचो, आणि भाजी कशी झाली असं बायकोनं विचारलं की कोणती भाजी होती ते आधी ताटात बघावं लागायचं.

आमचं घर ख्रिस्ती, पण सगळं एकाच जातीचं नाही. हे प्लांटवरच्या मित्रांना समजावताना माझी दमछाक होते. तुमच्यातबी असं असतं का, असं ते विचारतात. असतं. आई परतूरकडच्या कॅथलिक घरातली. लग्न होऊन बाबांच्या जुन्या मिशनच्या प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आली. तिची धाकटी बहीण, आमची मावशी, कॅथलिकच राहिली. आणि माझा धाकटा भाऊ काही वर्षांपासून एमआयडीसीच्या मागं पत्र्याच्या शेडात भरणाऱ्या नव्या मंडळीत जातो. तिथं टाळ्या वाजवून गातात, मोठ्यानं रडतात, देवानं आपल्याला कसं सावरलं याची उठून साक्ष देतात. मी त्यावर पुष्कळ विनोद केले. पण भाऊ रोलिंग मिलमध्ये कामाला आहे, आधी पगार झाला की दोन दिवस सापडायचा नाही, आणि त्या शेडात जायला लागल्यापासून त्यानं दारूला हात लावलेला नाही. त्याची बायको माझ्या विनोदांवर हसेना, तेव्हा मी ते बंद केले.

बाबा गेल्यावर या तिन्ही मंडळ्यांची माणसं सांत्वनाला आमच्याच बैठकीत आली. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, तारण कृपेनं मिळतं, विश्वासानं मिळतं, त्यात माणसाची कमाई काही नसते. लहानपणी कपाळावर पाणी पडलं, मोठेपणी मंडळीसमोर विश्वास कबूल केला, आता ते प्रभूच्या हातात आहेत, काळजी नको. बाबा त्यांच्या प्रत्येक प्रवचनात झोपायचे, तरी ते असं म्हणाले हा त्यांचा मोठेपणा. मावशीला हे फार घाईचं वाटलं. प्रभूच्या हातात हायेत हे बराबर, पण एकदम वर कोण जातं, असं तिचं म्हणणं. मधे शुद्ध होण्याची जागा असते, तिथं मागे राहिलेल्यांच्या प्रार्थना कामी येतात. तिनं तिच्या चर्चमध्ये बाबांसाठी मिस्सा, म्हणजे फादरनं करायची प्रार्थना, सांगून ठेवली होती. "माणूस सोन्यासारखा," ती म्हणाली, "पण बिड्या किती वढल्या त्यांनी. जरासा येळ लागंल."

मला दोघांचंही पटलं. जो शेवटी बोलेल त्याचं मला जास्त पटतं, म्हणून तर मंडळीच्या कमिटीवर मला दर वेळी निवडून देतात.

भाऊ मात्र सगळ्यांना चहा देत फिरला. त्याचं म्हणणं आम्हाला माहीत होतं. माणसानं स्वतः पाप ओळखायचं, स्वतः वळायचं आणि समजून-उमजून पाण्याखाली जायचं, अख्खं. तान्ह्या लेकराच्या कपाळावरचं पाणी त्याच्या हिशोबात धरत नाहीत. शेवटच्या आजारपणात तो बाबांच्या पायाशी बसून विनवायचा. बाबा म्हणायचे, "अरे, झालंय माझं. एका माणसाला किती बार आंघोळ घालता?" आम्ही हसायचो. भाऊ हसत नसे. तेव्हा मला तो अडेलतट्टू वाटायचा. खरं तर तो घाबरलेला होता.

माणसं पांगल्यावर आईनं त्याला स्वयंपाकघरात सरळ विचारलं, तुझे बाबा कुठं हायेत?

तो गॅसच्या शेगडीकडं बघत म्हणाला, "आई, तू तुझं बघ. तुझ्या हातात हाये अजून."

त्यानंतर आई चर्चला यायची बंद झाली. गुडघे दुखतात म्हणायची. गुडघे वीस वर्षं दुखतच होते, पण रविवारी कधी दुखले नव्हते. मी विचारलं नाही. मला त्या दिवसांत कुणाला काही विचारायचं म्हणजे जिना चढून जाण्यासारखं वाटायचं. शेवटी तीच एकदा लसूण सोलता सोलता म्हणाली, "धाकट्याचं बराबर असंल, अन् मी पाण्यात उतरले, तर मी वर जाईन. ह्यांचं मंग काय? अन् उतरले न्हाई, अन् पाळकसाहेबाचं बराबर निघालं, तर बरंच हाये. पण माझी अन् ह्यांची गाठ कुठं पडंल, ते कोणीच सांगून न्हाई राह्यलं."

मी म्हणालो, बघू. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि लसूण सोलत राहिली.

पंधरवड्यानं तिनं भावाला निरोप धाडला की मी बुडी घ्यायला तयार आहे. भाऊ फोनवर रडला. मावशी माझ्यावर भडकली, थोरला म्हणून. पाळकसाहेब म्हणाले, एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा होत नसतो, पण मी त्यांना अडवणार नाही. आणि मी गाडीचं बघतो म्हणालो. मी नेहमी गाडीचं बघतो.

आता पाणी कुठं? उन्हाळा होता, नदीत वाळू होती. भावाच्या मिलमधल्या मित्राचं आमच्या जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या पुढं मोसंबीचं रान, आणि रानात शेततळं. माणूस हिंदू, दिलदार. देवाचं काम हाये, खुशाल करा म्हणाला. फक्त साबण-बिबण लावणार नाही ना, एवढं त्यानं दोनदा विचारलं, ठिबकचे फिल्टर चोक होतात म्हणून. भावानं त्याला शांतपणे सांगितलं की ही आंघोळ नसते.

शेततळं ज्यानं पाहिलंय त्याला पुढची अडचण कळेल. चारी बाजूंनी उतार आणि उतारावर काळा प्लास्टिकचा कागद. धडधाकट माणूसही त्यावरून बसूनच खाली जातो. आईचे गुडघे तर असे. म्हणून ठरलं की तिला दोर बांधलेल्या खुर्चीत बसवून खाली सोडायचं, पाण्यात भाऊ आणि त्याच्या मंडळीचा तरुण पास्टर उभे राहतील. गाडीतच चर्चा सुरू झाली की खुर्चीत बसून बाप्तिस्मा चालतो का. पास्टर म्हणाला, चालतो, पण डोकं पूर्ण खाली गेलं पाहिजे. मावशी, जी येणार नाही म्हणाली होती आणि सगळ्यात आधी गाडीत बसली होती, ती म्हणाली, "मंग खुर्चीचंबी तारण झालं म्हणा." आई खिडकीबाहेर बघत होती.

पास्टरनं काठावर प्रार्थना केली. भाऊ आणि तो कागदावरून घसरत पाण्यात उतरले. पाणी भावाच्या छातीला लागत होतं. मी आणि शेताच्या मालकानं खुर्ची काठावर आणून ठेवली, आई बसली, आम्ही दोर घट्ट धरले. पास्टरनं खालून विचारलं, येशू हाच तुमचा तारणारा, असा तुमचा विश्वास आहे का? आई म्हणाली, हाये, पहिल्यापासून हाये. मग ती भावाला म्हणाली, "तुला एक विचारते. तुझे बाबा तिथं असतील का? तू हो म्हण, मी आत्ता येते."

भावाला फक्त एक शब्द म्हणायचा होता. तो म्हटला असता तर त्याच्याच समजुतीप्रमाणे त्याची आई वाचली असती. मी असतो तर हो म्हणून मोकळा झालो असतो. मी कितीतरी कमी कामासाठी हो म्हणालोय. पास्टरनं हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पाण्यावर उन्हाची तिरीप होती, भावाचे डोळे बारीक झाले होते. दोर धरून माझे हात दुखायला लागले, आणि तेवढंच मला जाणवत होतं.

"मला माहीत न्हाई, आई," भाऊ म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याला असं म्हणताना मी ऐकलं नव्हतं. त्याला नेहमी माहीत असायचं. आईनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही.

"मंग मीबी थांबते," ती म्हणाली. "ये वर."

मालकानं अंमळ वाट पाहिली आणि मला हळूच विचारलं, झालं असंल तर मोटर चालू करू का, लाईट जायच्या आत. मी पास्टरकडं पाहिलं. पास्टरनं मान डोलावली. मोटर सुरू झाली आणि भाऊ दोराला धरून कागदावरून वर आला, गुडघ्यावर, हातावर, मधेच घसरत, त्याच्यामागं पास्टर. मावशीनं भावाला हात दिला. ती काहीच बोलली नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

गाडीपाशी आईनं तिची पिशवी उघडली. आत टॉवेल होता, घडी केलेली पांढरी साडी होती, पोलकं, परकर, तेलाची छोटी बाटली आणि कंगवा. पाण्यातून निघाल्यावर लागणारं सगळं तिनं घरूनच भरून आणलं होतं. तिनं टॉवेलनं भावाचं डोकं पुसलं, मग साडीची घडी मोडून ती त्याच्या अंगावर टाकली. तो धट्टाकट्टा मिलमधला माणूस आईची साडी पांघरून मागच्या सीटवर बसला. कोणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण हसलं नाही.

जालन्याला एमआयडीसीच्या फाट्यावर भावाला सेकंड शिफ्टला उतरवलं. त्यानं साडी काढून आईच्या मांडीवर ठेवली. गाडी पुढं निघाल्यावर आई म्हणाली, सकाळपासून उपास होता त्याचा, काही खाल्लं न्हाई त्यानं, गाडी मागं घे.

मी गाडी मागं घेतली.