समुद्राची पार

मित्रहो, आज सकाळी भाचीनं विशाखापट्टणमच्या टेकडीवरून समुद्राचा व्हिडिओ पाठवला अन् माझा चहा तसाच थंडा झाला.

ऐंशीच्या दशकात करडीच्या युवक मंडळाचे आम्ही आठजण शहर पाहत फिरता फिरता त्याच टेकडीवर चढलो होतो. आम्ही तलावाच्या गावचे. पहिल्यांदा समुद्र पाहून श्यामनं विचारलं, "याची पार कोनीकडे हाये रे?"

पार म्हणजे तलावाचा बांध. आम्ही पोट धरधरून हसलो.

तो मात्र गंभीर. "हासता काहून? पार नाही, त एवढं पानी अडते कायनं?"

तेव्हापासून गावात तो 'पारवाला' झाला. मागच्या वर्षी गेला.

आज व्हिडिओत मीच पार शोधून राहिलो. श्याम, तुले उत्तर द्याचं राहूनच गेलं गड्या.

तुमच्यापैकी कोणाले माहीत असन त सांगा, एवढं पानी अडते कायनं?