टीव्हीकडे पाठ करून

टीव्ही चालू असताना त्याच्याकडे पाठ करून बसणारं माणूस तुम्ही कधी पाहिलंय का?

मी पाहिलंय. जामखेडच्या बाजूला एका वस्तीत, विहाराच्या सभागृहात. भिंतीवर टीव्ही, समोर सतरंजीवर मुली, आणि टीव्हीखाली भिंतीला टेकून, मुलींकडे तोंड करून बसलेल्या आत्या. मधूनच मान वर करून विचारायच्या, "मागं दिसतंय का?" मागून "दिसतंय" असं आलं की पुन्हा गप्प. पडद्यावर काय चाललंय हे त्यांनी वळून बघितलेलं मला आठवत नाही. त्यांना जे बघायचं होतं ते समोर बसलेलं होतं.

नवरा गेल्यावर त्या माहेरी परतल्या होत्या आणि वस्तीतल्या निम्म्या पोरांच्या खरोखरच आत्या लागत होत्या. उरलेल्यांनी ते नातं फुकटात घेतलं. तरुणपणी त्यांनी ऊस तोडला, कंबरेनं दगा दिल्यावर सोडला.

दसरा उलटला की वस्तीतली धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. पण मुलगी मोठी झाली की आईबाप तिला मागे ठेवायला धजत नाहीत. सोबत नेतात, शाळा तुटते आणि मग लवकरच तिच्या लग्नाचं बघतात. आत्यांनी यावर आपला तोडगा काढला होता. संध्याकाळी सगळ्या मुलींनी विहारात बसायचं आणि राखायला त्या स्वतः बसणार. "माझ्या नजरंखाली हाईत, बिनघोर जावा," असं त्या निघणाऱ्या प्रत्येक आईला सांगायच्या. तेवढ्या शब्दावर मुली मागे राहत.

पण मुली नुसत्या भिंतीकडे बघत किती दिवस बसतील? विहाराला कुणा पुढाऱ्यानं टीव्ही दिला होता. देताना फोटो काढला, पुढे त्यावर काय दिसणार याची फिकीर त्यानं केली नाही. टीव्ही तसाच काळा पडून होता.

मी त्या वस्तीत पहिल्यांदा गेले ती पत्रकं वाटायला. पत्रकं वाचत आणि वाटतच मोठी झालेय मी. मुलींच्या शिक्षणाच्या हक्काचं पत्रक आत्यांच्या हातात दिलं. त्यांनी त्याची नीट चौघडी घातली, पदरात खोचलं आणि म्हणाल्या, "वाचून घेईन कुनाकडनं. पन पोरी, तुला टीव्ही जोडता येतो का?"

शहरात, सावेडीतल्या आमच्या घरी साबणाच्या डबीएवढा, मेमरी कार्डावर चालणारा संगणक होता. पुढच्या खेपेला तो नेला, टीव्हीमागे चिकटवला, केबल जोडली. विहारात रेंज फक्त खिडकीत मिळायची, म्हणून माझा जुना मोबाईल खिडकीत ठेवला आणि त्याच्या नेटवर संगणक चालू केला. पडद्यावर दहावीच्या बीजगणिताचा तास सुरू झाला तेव्हा दारात निम्मी वस्ती उभी होती.

लगेच भांडणं. म्हाताऱ्यांना कुस्त्या हव्या होत्या, आज्यांना मालिका. आत्यांनी निकाल दिला, आधी बीजगणित, मग काय बघायचं ते बघा. त्यामुळे आज्या डाळ निवडत बीजगणित ऐकू लागल्या. एकीनं एकदा वैतागून विचारलं, "ह्यो एक्स रोज कसा गं हरवतोय? काल तर सापडला हुता."

"तुझ्या सासूवानी हाय त्यो," दुसरी म्हणाली. "घरात असून हाती लागत न्हाई."

थोड्याच दिवसांत सुजाताचा फोन आला. सुजाता ही आत्यांची सख्खी भाची, भावाची मुलगी, दहावीतली. पडदा काळा झालाय आणि नुसती पांढरी अक्षरं येतात, म्हणाली. मी नवं मेमरी कार्ड घेऊन गेले. चारच दिवसांत पुन्हा तेच. तेव्हा मी संध्याकाळपर्यंत थांबले आणि उलगडा झाला. तासानंतर वंदना व्हायची, आणि वंदनेआधी सभागृहातलं सगळं, पंखा, ट्यूब, टीव्ही, भिंतीवरच्या मुख्य बटणानं खटकन बंद व्हायचं. मेणबत्ती तेवढी ठेवायची, अशी तिथली रीत. त्या खटक्यात संगणक चालता चालता मरत होता आणि त्याचं कार्ड बिघडत होतं.

मी सांगितलं, याला आधी पडद्यावरून बंद करावं लागतं, मग वीज. आत्यांना ते चटकन पटलं. "झोपलेल्याचं पांघरून वढू नये, तसंच की," म्हणाल्या. रीत मोडली नाही, तिच्याआधी एक पायरी वाढली. बटणापाशी उभ्या राहून त्या सुजाताला विचारायच्या, "निजला का त्यो?" ती हो म्हणाली की मगच अंधार व्हायचा.

यंदा टोळ्या निघायच्या आधी सुजाताची आई पाय घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्याला टोळीचा मुकादम घेत नाही. त्या संध्याकाळी मी विहारातच होते. तास चालू असताना सुजाताचा बाप दारात आला आणि म्हणाला, "सुजे, ऊठ. कपडे बांध."

मी उभी राहिले. शिक्षणाचा कायदा सांगितला, बराच सांगितला. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, कायदा ऊस तोडाया येतोय का?"

मला आजही वाटतं की कायद्यानं यायला हवं होतं. तो आला नाही.

आत्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सुजे, खाली बस."

"आक्का, मुकादमाला सबूद दिलाय. अर्धा कोयता कुनी घेत न्हाई."

"मग पुरा कर. भन-भावाचा कोयता चालतो."

"तुझी कंबर..."

"कंबर माझी हाय. तिचं मी बघीन." मग मुलींकडे वळून त्यांनी विचारलं, "मागं दिसतंय का?"

टीव्हीवरचे मास्तर समीकरण सोडवत होते.

आत्या ऊसतोडीला गेल्या. सकाळी ट्रॉलीत, गाठोड्यांच्या वर, कंबरेला लुगड्याचा पट्टा आवळून बसल्या होत्या. सुजाता रडत होती, तर तिला म्हणाल्या, "रडाया येळ हाय तुला? शाळा हाय ना?"

फडाजवळच्या कोपीवरून, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवरून, त्यांचा फोन येतो तेव्हा त्या एकच विचारतात, "किती जनी बसल्यात?" आणि इथं माझी पंचाईत होते. संगणक ठणठणीत आहे, टीव्ही दिसतो, तास रोज लागतो. पण आज्या आता मुलींना पाठवत नाहीत. सुजाताची आई मोडक्या मनगटानं घरातच अडकलीय, आणि आत्यांसारखं राखायला दुसरं कुणी नाही ना. सुजाता एकटी येते, सगळं चालू करते आणि मोकळ्या सतरंजीवर बसते. शनिवार-रविवारी मी जाते तेव्हा आणखी दोघी-तिघी येतात. बाकीच्या दिवसांचं उत्तर मी आत्यांना काय देऊ?

म्हणून तुम्हाला मागते आहे. यंत्र मागत नाही, देणगी तर नाहीच. तुमच्या जवळपासची एखादी वस्ती आत्ता ऊसतोडीमुळे निम्मी रिकामी असेल. तिथं जा, मागे राहिलेल्या मुली संध्याकाळी कुठं बसतात ते विचारा. त्यांच्यासाठी एक सभागृह उघडायला लावा. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ, टोळ्या परत येईपर्यंत, स्वतः तिथं जाऊन बसा.