पायरीमावशीची वाळू

"पाणी घाईत असतं, आपण नसावं."

हे पायरीमावशीचं बोलणं. चहा उतू जायला लागला तरी ती हेच म्हणायची. लेकीच्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाकावर बसून हेच म्हणाली होती, आणि नाल्याच्या तोंडाशी गुडघाभर वाळूत उभी राहून तर रोजच म्हणायची. ऐकणाऱ्यांचे कान किटले होते, पण तिच्या आवाजात असा काही ठामपणा होता की किटलेले कानही तिच्याकडेच वळत.

नगरपालिकेच्या हजेरीपटावर तिचं नाव वेगळं होतं. गावासाठी मात्र ती पायरीमावशी. ते नाव कसं पडलं, हे सांगायचं तर आधी गावाची ठेवण सांगायला हवी.

गाव समुद्रकाठचं, सुट्टीत माणसांनी फुलणारं. पुढे हॉटेलांची रांग, तिच्यापुढे फिरायचा रस्ता, मग दगडी भिंत, मग वाळू. पण जमीन पुढे उंच आणि मागे खोल, बशीच्या बुडासारखी. पाऊस पडला की सगळ्या गल्ल्यांचं पाणी मागे गोळा व्हायचं आणि रस्त्याखालच्या एका मोठ्या नाल्यातून किनाऱ्यावर यायचं. नाल्याच्या तोंडाला दरवाजाएवढी लोखंडी झडप. आतून पावसाचं पाणी रेटायला लागलं की ती उघडे, बाहेरून समुद्र रेटायला लागला की मिटे. एवढं साधं यंत्र, पण चिमूटभर वाळू अडकली तरी रुसून बसणारं. तिचा रुसवा काढायचं काम बावीस वर्षं मावशीकडे होतं.

झडपेच्या शेजारून दगडी पायऱ्या वाळूत उतरत. मावशी कामावर लागली त्या दिवशी सात पायऱ्या दिसत होत्या, बाकीच्या वाळूच्या पोटात. ती रोज सकाळी उतरताना मोजायची आणि अवजारांच्या खोलीच्या भिंतीवर खडूने आकडा लिहायची. त्यावरूनच नाव पडलं, पायरीमावशी. सात. मग आठ. काही वर्षांनी दहा. गेल्या साली चौदा झाल्या, आणि चौदावीखाली पाय ठेवायला वाळू उरली नव्हती, नुसते भिंतीच्या पायाचे गोटे. हॉटेलवाले म्हणायचे, समुद्र आत येतोय. मावशी म्हणायची, "समुद्र जागचा हललेला नाही. आपल्या पायाखालची वाळू गेली."

वाळू गेली तशी लाटा थेट झडपेवर आदळू लागल्या. भरती ओसरली तरी झडप मिटलेलीच. पाऊस आत, समुद्र बाहेर, आणि मधे तुंबलेलं गाव. सगळ्यात आधी तुंबायची ती लाँड्रीची गल्ली, बशीचं अगदी बूड. त्या गल्लीत मावशीची लेक आणि जावई हॉटेलांच्या चादरी धुवायचे. मोठी धुलाईची दोन यंत्रं, इस्त्रीचा लांब ओटा, छताला टांगलेल्या दोऱ्या, आणि सगळीकडे साबणाचा ओला, गरम वास. यंत्रं चार-चार विटांच्या चौथऱ्यावर चढवलेली. चौथी वीट बुडली की मोटार गेली, हे त्या घरात लहान पोरालाही पाठ होतं.

त्याच साली चौथी वीट दोनदा बुडाली. दुसऱ्या वेळी लेकीने मळलेल्या चादरींचा ढीग चिखलातून उचलला आणि शांतपणे म्हणाली, "आई, आता एकदा जरी पाणी चढलं ना, तर आम्ही हे गाव सोडणार. यांच्या बहिणीच्या गावी डोंगरावर जागा आहे. तिथे निदान समुद्र तरी घरात येत नाही."

आदळआपट करणाऱ्या लेकीला मावशी ओळखत होती, तिला समजावताही आलं असतं. ही शांत लेक नवीन होती.

मग एका सकाळी तिची पहार हरवली. आदल्या दिवशी गाळाच्या ट्रकात गेली असणार. ट्रक चालवायचा तिचा दीर, जिभेला हाड नसलेला माणूस. त्याच्या शेजारी बसून ती गावाबाहेर गाळ टाकायच्या जागी गेली. बावीस वर्षांत ती तिथे आली नव्हती. नाला उपसायचा, ट्रक भरायचा, पाठ वळवायची, एवढाच तिचा संबंध.

"या वहिनी, बघा तुमची इस्टेट," दीर म्हणाला.

समोर दोन ढीग होते. एक वरच्या गल्ल्यांतला, काळा, वास मारणारा. दुसरा झडपेजवळच्या नाल्यातला. तो ढीग नव्हताच, टेकडी होती, आणि ती पांढरी होती. इतक्या वर्षांच्या पावसाने धुऊन धुऊन पांढरी. मावशी वर चढली. पायाखाली बारीक शिंपले करकरले. तिने मूठ भरली, उघडली. वाळू झरझर गळून गेली आणि तळहात कोरडा, स्वच्छ राहिला.

तिने पुन्हा मूठ भरली, पुन्हा उघडली.

"काय झालं वहिनी? पहार सापडली?"

"भाऊजी," ती म्हणाली, "किनारा सापडला."

लाटा वाळू नाल्यात ढकलायच्या, मावशी ती काढून ट्रकात भरायची. नियमच होता, नाल्यातून निघेल तो गाळ, आणि गाळ गावाबाहेर. तिच्याइतका साफ नाला कुणी ठेवला नाही. त्याबद्दल तिला मानपत्र मिळालं होतं, ते अवजारांच्या खोलीत खडूच्या आकड्यांशेजारीच टांगलेलं. एका भिंतीवर दोन्ही गोष्टी रोज तिच्या डोळ्यांसमोर होत्या, आणि एकीचा दुसरीशी धागा तिला जुळला नव्हता.

दुसरी कुणी असती तर मूग गिळून बसली असती. मावशी सरळ इंजिनिअरसाहेबांच्या टेबलापाशी गेली. साहेब वयाने तिच्या लेकीएवढा, नवीन बदली होऊन आलेला, कागदांत मान खुपसून बसणारा.

"साहेब, किनारा कुणी नेला ते कळलं."

"कुणी?"

"मी. बावीस वर्षं. ट्रकात भरून."

साहेबाने मान वर केली. मावशीने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आता परत आणायचा आहे. ट्रक रिकामाच परततो तिथून. येताना भरून येईल."

"मावशी, कागदोपत्री तो गाळ आहे. गाळ किनाऱ्यावर टाकला तर माझी नोकरी जाईल."

"मग चला, बूट काढून बघा."

"बूट?"

"गाळ पायाला चिकटतो साहेब. वाळू पाय सोडते. कागदाला पाय नसतात, त्याला कसं कळणार?"

साहेब हसला आणि हसता हसता फसला. त्या दुपारी तो टेकडीवर अनवाणी उभा होता, विजार पोटरीपर्यंत दुमडलेली. मावशीने त्याला आधी काळ्या ढिगावर उभं केलं, मग पांढऱ्यावर. खाली उतरून त्याने पाय झटकले, तळवे निरखले. प्रयोगशाळेत पाठवायला वाळूचे चार डबेही भरून घेतले. उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोवर मावशी रोज त्याच्या टेबलाशी जाऊन नुसती उभी राहायची. उत्तर चांगलं आलं. साहेबाने पांढऱ्या ढिगाचा कागद वेगळा केला आणि सही ठोकली.

मग दोन महिने ट्रक भरून जाई आणि भरून येई. "आधी मी कचरेवाला होतो," दीर सगळ्यांना सांगायचा, "आता किनारेवाला झालो. हुद्दा वाढला, पगार तोच." मावशी वाळू कुठेही ओतू देत नसे. लाटा ज्या अंगाने येत त्या अंगाला, झडपेच्या अलीकडे, तिने ती खांद्यासारखी रचली. समुद्र स्वतःच तिला पुढे पसरवत नेई. भिंतीवरचे आकडे बावीस वर्षांत पहिल्यांदा उलटे फिरले. तेरा. बारा. अकरा.

लेकीने मात्र सामान बांधायच्या खोक्यांची चौकशी करून ठेवली होती. "तूच नेलीस, तूच आणतेस," ती म्हणाली. "तुझा आणि वाळूचा खेळ चालू दे. मी पाणी बघणार."

पाणी आलं ते सकाळपासून. वादळाची सूचना आदल्या दिवशीच होती. पाऊस असा की समोरचं हॉटेल दिसेना. दुपारी भरती पूर्ण चढली, झडप मिटली, आणि मागे गाव भरू लागलं. भिंतीवर माणसं जमली. लाँड्रीतून जावई धावत आला, डोक्यावर प्लास्टिकची चादर, तोंडचं पाणी पळालेलं.

"दुसरी वीट बुडाली! झडप उघडा! पहारीने उचला!"

"आता उचलली तर समुद्रच लाँड्रीत येईल," मावशी म्हणाली. "ओहोटी लागू दे."

"ओहोटीची वाट बघत गेल्या वेळी सगळं गेलं! आणि यंदा तर तुम्ही तोंडासमोर वाळूचा डोंगर केलाय. पाणी जाणार कुठून?"

माणसांत कुजबुज झाली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. झडपेसमोर वाळू होतीच. साहेबाने मावशीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मावशी, जेसीबी उभा आहे. सरळ चर मारू?"

"सरळ चरातून लाट सरळ आत येते. तिरका मारायचा, लाटांकडे पाठ करून. आणि तो जेसीबीला जमत नाही. ते यंत्र वळायला जातं तोवर निम्मी वाळू खाली ढासळते."

"मग हाताने मारू. कधी?"

"मी सांगते तेव्हा."

ती अकराव्या पायरीवर बसली. पाऊस टोपीवरून तिच्या मांडीवर गळत होता. भिंतीवरचे सगळे ओरडत होते आणि ती लाटांकडे बघत होती. एक लाट वाळूच्या खांद्यावर फुटली आणि तिचं पाणी झडपेपर्यंत पोचलं. दुसरीही पोचली. जावयाचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि नुसती तीन बोटं वर केली. तिसरी वीट. मावशी हलली नाही. आणखी एक लाट आली, खांद्यावर फुटली आणि झडपेच्या चार हात अलीकडेच थांबली.

मावशी उठली. "चला, ओहोटी लागली. फावडी घ्या."

गेल्या साली ह्या वेळेला लाटा अजून तासभर झडपेवर आपटत होत्या. यंदा मधे किनारा होता. ती, दीर, जावई आणि बूट भिंतीवर ठेवून उतरलेला साहेब, चौघांनी खोदायला घेतलं. मावशी पुढे चालत फावड्याच्या टोकाने रेघ मारत होती, तिरकी, किंचित वाकलेली. बाकीचे तिच्या रेघेवर.

"वहिनी, भराभर!"

"पाणी घाईत असतं भाऊजी."

"आपण नसावं, हो हो, माहीत आहे, पण माझी कंबर घाईत आहे!"

शेवटची ढेकळं मावशीने झडपेच्या बुडापासून ओढली. लोखंड एकदा कुरकुरलं. फटीतून काळसर पाण्याची जीभ बाहेर आली, चर चाटून गेली. मग झडप वर उचलली गेली आणि आतलं सगळं गाव जसं एका दमात श्वास सोडतंय तसं पाणी धावत सुटलं, तिरक्या चरातून, खांद्याच्या आडून, समुद्रात. साहेब पायावरून लोटणाऱ्या पाण्यात उभा राहून लहान पोरासारखा ओरडला.

जावयाने फोन कानाला लावला. मग म्हणाला, "तिसऱ्या विटेवर थांबलं. उतरतंय." आणि तो ओल्या वाळूत खाली बसला. मावशीने त्याच्या प्लास्टिकच्या चादरीचं टोक नीट केलं, जणू भिजायचं अजून काही उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. लेक हॉटेलात चादरी पोचवायला आली होती. हातगाडी भिंतीशी लावून ती पायऱ्यांच्या माथ्यावर उभी राहिली. खाली मावशी मोजत उतरत होती. अकरावी ओलांडली. बारावी. तेरावीवर तिचा पाय वाळूला लागला.

"दोन पायऱ्या वाळू गेली का गं?" लेकीने वरून विचारलं.

"दोन. वादळाने आपला वाटा नेला." मावशीचा आवाज जराही पडला नव्हता. "टेकडी अजून शिल्लक आहे. आणि नाल्यातून निघेल ती आता इथेच राहील."

"आणि टेकडी संपली की?"

"तेव्हाचं तेव्हा. तुझी खोकी आली का?"

लेकीने चादरींची चळत सारखी केली. "आली. साबण ठेवायला बरी आहेत."

मावशी हसली नाही. तिने फावडं खांद्यावर टाकलं आणि कालच्या चराच्या कडेने निघाली. चर निम्मा बुजला होता, पण तिची वाकडी रेघ अजून कळत होती. रस्त्यावर दिराच्या ट्रकचा भोंगा वाजला. तिने वळून न बघता हात वर केला, थांब म्हणून, आणि तशीच आपल्या चालीने चालत राहिली. लेक हातगाडीची मूठ धरून उभी होती. पांढऱ्या चादरींची चळत उन्हात चमकत होती, हॉटेलात वाट बघत असतील हे तिला ठाऊक होतं. आई वळणाआड जाईपर्यंत ती काही हलली नाही.