ब्रिजिडच्या आदल्या संध्याकाळी

आयरिश सण म्हटलं की आमच्या ऑफिसला एकच माहीत होता, मार्चमधला. त्या दिवशी अख्खा मजला हिरवे शर्ट घालून यायचा, कॅफेटेरियात हिरवी बिस्किटं निघायची, आणि आमच्या टीममधली एकमेव खरीखुरी आयरिश बाई मुद्दाम निळा स्वेटर घालून बसायची. कोणी छेडलं तर म्हणायची, "तो सण तुमचा. मला त्यात ओढू नका." तिचा सण फेब्रुवारीच्या एक तारखेला असायचा, सेंट ब्रिजिडचा. तिचं लहानपण आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खेड्यात गेलं होतं, आणि तिथे गायी, दूध-लोणी, चूल आणि बाळंतिणी हे सगळं खातं ब्रिजिडकडे होतं.

ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. आम्ही नवरा-बायको अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावी राहत होतो आणि मला आठवा महिना लागला होता. "यंदा तू यायलाच हवंस," ती म्हणाली. "बाळंतिणींची संत आहे ती. आदल्या संध्याकाळी माझ्याकडे जेवण. येताना एक कापड आण, आणि तुमच्यातली एखादी वडीलधारी बाईही आण. म्हातारं माणूस असल्याशिवाय हे सगळं खोटं वाटतं."

मी हो म्हणून बसले आणि मग कॅलेंडर बघितलं. तिची ती संध्याकाळ म्हणजे मुंबईतली दुसऱ्या दिवशीची सकाळ, आणि त्या सकाळी माझ्या आईचा व्हिसाचा इंटरव्ह्यू होता. दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा नोव्हेंबरमध्ये झाला होता. वकिलातीतल्या खिडकीपलीकडच्या माणसाने विचारलं, किती दिवस राहणार? आईने सांगितलं, "तिला गरज असेल तोवर." झालं, पासपोर्ट परत. त्या माणसाचंही काही चुकलं नाही, असं उत्तर ऐकून कोण हो म्हणेल? चुकलं आईचं, असं माझं ठाम मत होतं आणि मी ते फोनवर पुरी वीस मिनिटं तिला ऐकवलं. "एवढं साधं उत्तर देता येत नाही तुला? तीन महिने म्हणायला काय झालं होतं?" आई पलीकडून फक्त हं हं करत होती. तिने भावकीतल्या पाच-सहा जणींची बाळंतपणं केली होती, गल्लीतल्या लोकांची बाळं तिच्या पायांवर न्हाली होती, आणि स्वतःच्या मुलीकडे यायचं तर एक वाक्य धड बोलता आलं नाही. मला रडू येत होतं, पण मला रडू आलं की मी ओरडते. ही माझी जुनी खोड.

माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. एखादं बटण दाबलं की काय व्हायला हवं ते आधी कागदावर लिहायचं, मग दाबून बघायचं, आणि चुकलं की ज्याने ते केलं त्याच्या डोक्यावर बसायचं. स्वभाव आणि पगार एकाच कामात बसलेली माणसं थोडी असतात, मी त्यातली होते. तेव्हा आईच्या दुसऱ्या इंटरव्ह्यूसाठी मी जे केलं ते माझ्यासारखीच करू जाणे. मी तक्ता केला. बेचाळीस प्रश्न. पहिल्या रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर, तिसऱ्यात 'हे बोलायचं नाही'. मिरजेच्या सायबर कॅफेतून बाबांनी तो छापून आणला आणि दर रविवारी मी आईची फोनवरून परीक्षा घ्यायला लागले. वकिलातीत मराठीत बोलता येतं, दुभाषी असतो, त्यामुळे भाषेची सबब नव्हती. एखादं उत्तर चुकलं की मी म्हणायचे, "परत." आई परत म्हणायची. मार्चमध्ये बाळ येणार होतं आणि मला माझी आई हवी होती, एवढंच त्या बेचाळीस प्रश्नांच्या खाली होतं. ते मात्र कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सहा वाजता आम्ही निघालो. वडीलधारी म्हणून शेजारच्या नागपूरच्या काकूंना घेतलं. त्यांचे यजमान इथे तीस वर्षं डॉक्टरी करून निवृत्त झालेले, आणि काकूंना कुठलाही सण वर्ज्य नव्हता. दूधदुभत्याचा सण म्हणून मी श्रीखंड केलं होतं. गाडीत मी सारखी साडेदहा तास मिळवत होते. आता मुंबईत साडेचार. आता आईची अंघोळ झाली असेल. दादरला मामेबहिणीकडे उतरले होते आई-बाबा, तिचा गीझर चालू असेल ना?

"रिलॅक्स यार," नवरा म्हणाला. "साडेसातचा स्लॉट आहे ना त्यांचा? म्हणजे आपले नऊ. तोवर फोन येणारच नाहीये. तू जरा एन्जॉय कर."

एन्जॉय कर म्हटलं की मला हमखास चीड येते. मी खिडकीतून बाहेरच्या पाइनच्या झाडांकडे बघत बसले.

मैत्रिणीच्या घरी टेबलावर हिरव्या लव्हाळ्यांचा भारा पडला होता. त्यांच्या वसाहतीमागे पावसाचं पाणी साठवायचं तळं होतं, त्याच्या काठावर ती दुपारी गमबूट घालून उतरली होती. त्या लव्हाळ्या दुमडून, एकीत एक अडकवून चार हातांचा क्रूस करायचा आणि तो वर्षभर दारावर लावायचा. घराला आग लागत नाही म्हणे. ऑफिसातले आणखी दोघं आले होते, ते मुकाट्याने विणत बसले. काकूंचा क्रूस सगळ्यात आधी झाला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला. "हे तर आपलं स्वस्तिकच निघालं की," त्या म्हणाल्या आणि लगेच दुसरा घेतला. माझा तीनदा सुटला. बोटांत लक्ष नव्हतं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, काउंटरवर ठेवलेला मोबाइल बघितला, परत आले. नवऱ्याने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

मग मैत्रिणीने कापडांचं सांगितलं. आज संध्याकाळी ब्रिजिड गावोगाव फिरते. बाहेर झुडपावर जे कापड टाकलं असेल त्याला तिचा हात लागतो. ते वर्षभर जपायचं, डोकं दुखलं तर डोक्याला बांधायचं, आणि बाई अडली तर तिच्या अंगावर टाकायचं. तिच्या आजीने गावातल्या कित्येक बायकांवर असं कापड टाकलं होतं आणि वेळ पडली तर शेजारच्या गायीवरही. मी माझी सुती ओढणी दिली. काकूंनी काकांचा मफलर दिला. "यांचं डोकं दुखत नाही, पण दुसऱ्यांचं दुखवतात," म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले आणि मनात म्हटलं, मुंबईत सव्वासहा. आता टॅक्सीत बसले असतील.

जेवायला कुस्करलेला बटाटा होता, त्यात केल नावाच्या कोबीसारख्या भाजीची वाफवलेली पानं. ताटात त्याचा डोंगर करायचा, मधोमध खड्डा करायचा आणि त्यात लोणी सोडायचं. आपण आमटीसाठी भाताचं आळं करतो ना, अगदी तसं. ओटचा पाव होता, घरी घुसळलेलं लोणी होतं. पण आधी ब्रिजिडला घरात घ्यायचं, मग जेवायचं.

रीत अशी होती की घरातल्या एका बाईने लव्हाळ्यांचा भारा घेऊन बाहेर जायचं, घराला तीन फेऱ्या घालायच्या आणि दार ठोठावायचं. बाहेरून ती म्हणणार, ब्रिजिड आली आहे, तिला आत घ्या. आतल्यांनी म्हणायचं, ये, तुझं स्वागत आहे. मगच दार उघडायचं.

"अगं, हे तर आपल्या महालक्ष्म्यांसारखं!" काकू उभ्याच राहिल्या. "तुमच्याकडे गौरी म्हणतात. कशाच्या पावलानं आली? सोन्याच्या पावलानं आली." त्यांनी ते मैत्रिणीला इंग्रजीत समजावून सांगितलं आणि ती इतकी खूष झाली की तिने काकूंचे दोन्ही हात धरले. दोघींच्या दोन देव्या, दोघींनाही बोलावल्याशिवाय आत यायचं नसतं, यावर बराच वेळ बोलणं झालं. मला मात्र तेव्हा त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

आतून उत्तर द्यायचं काम तिने मला दिलं. यंदा तो मान माझाच, म्हणाली. भारा उचलून ती अंधारात बाहेर गेली. मी दाराशी उभी राहिले. काचेतून तिचा टॉर्च घराच्या कडेने जाताना दिसला. एक फेरी. मला वाटलं, बाबांनी नोव्हेंबरचा तो नकाराचा कागदही घेतला असेल ना? पहिला नकार लपवला असं वाटायला नको. हे मी तक्त्यात लिहिलं होतं का? मी स्वयंपाकघरात गेले, मोबाइल उचलला, फोन करू की नको? बाबांना मीच ताकीद दिली होती की सगळं आटोपल्याशिवाय फोन करायचा नाही.

दार वाजलं. परत वाजलं. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा मला कळलं की सगळे माझ्याकडे बघताहेत. काय म्हणायचं होतं तेच आठवेना.

शेवटी काकूच ओरडल्या, शुद्ध मराठीत. "ये गं बाई, ये! कधीची उभी आहेस थंडीत, ये आत!" आणि त्यांनीच दार उघडलं. ती आत आली, नाक लाल झालेलं, लव्हाळ्यांतून पाणी ठिबकत होतं. मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "अगं, आत घेतलं ना मला, पुरे झालं."

पहिला घास घेतला आणि स्वयंपाकघरात मोबाइल वाजला.

भिंतीवरच्या घड्याळात आठ वीस झाले होते. मुंबईत सातला दहा कमी. आत्ता फोन यायचं काही कारणच नव्हतं, त्यांना अजून फाटकातून आतसुद्धा घेतलं नसणार. ताट तसंच सोडून मी आत गेले आणि मागे दार लावून घेतलं.

बाबा होते. "अगं, ती आत जात नाही म्हणते."

"म्हणजे?"

"रांगेत उभे होतो. पुढे चार-पाच माणसं उरली आणि ही बाजूला झाली. फुटपाथवर बसली आहे. म्हणते, चुकलं तर परत बोलणी खावी लागतील."

बोलणी कोणाची, ते विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "तिला द्या फोन."

आई फोनवर आली. पहिलं वाक्य तिचं हेच होतं, "रागावू नकोस हं." आठ महिन्यांच्या पोटुशा मुलीला आई हे म्हणाली. मग म्हणाली, "ते का जायचंय म्हणून विचारतात ना, त्याचं उत्तर राहतच नाही गं लक्षात. रात्रभर म्हणून बघितलं. तू जे बोलू नकोस म्हणून लिहिलंयस, तेच तोंडात येतं."

तिसऱ्या रकान्यात मी काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. 'मुलीला माझी गरज आहे' हे बोलायचं नाही.

या क्षणी मी काय म्हणायला हवं होतं ते आता कोणीही सांगेल. मी म्हणाले, "आई, अजून चाळीस मिनिटं आहेत. ऊठ आणि रांगेत जा."

पलीकडे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. आई बरं म्हणाली. इतकं हळू म्हणाली की मला तेव्हाच समजलं, माझी आई खिडकीपलीकडच्या त्या माणसाला घाबरलेली नव्हती. ती मला घाबरली होती. मग बाबांनी फोन घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "राहू दे आता," ते म्हणाले. "मी तिला चहा पाजतो आणि घरी घेऊन जातो."

मी दार उघडून बाहेर आले. सगळे जेवायचे थांबले होते. नवरा उठून उभा राहिला. "काय झालं?"

"रिजेक्ट," मी म्हणाले.

कसं निघालं तोंडातून माहीत नाही, पण एकदा निघालं ते निघालंच. नवऱ्याने शिवी हासडली. मैत्रिणीने मला जवळ घेतलं, तिच्या स्वेटरला तळ्यातल्या चिखलाचा वास येत होता, आणि मी तिथे हमसून हमसून रडले. सगळ्यांना वाटलं, अन्याय झाला म्हणून रडते आहे. काकू म्हणाल्या, "मी आहे ना. डिंकाचे लाडू, शेक, शेगडी, सगळं मी बघते." आणि त्यांनी खरंच सगळं केलं. मार्चमध्ये मुलगी झाली तेव्हा माझ्या उशाशी काकू होत्या.

पुढची तारीख मी घेतली नाही. आईला काही म्हणालेही नाही. माफी मागायला हवी होती, पण दर रविवारी फोनवर बाळाचं वजन, दात, ताप हेच बोललं जायचं. तक्ता मी कॉम्प्युटरवरून पुसून टाकला. दोन वर्षांनी बाबांनी आपणहून अर्ज केला, मला न सांगता. आईला व्हिसा मिळाला. काय विचारलं गं, असं मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

ती आली त्या आठवड्यात काकू तिला भेटायला आल्या. माझी मुलगी आजीच्या मांडीवर बसून इंग्रजीत काहीतरी बडबडत होती. काकूंनी आईचा हात हातात घेतला आणि त्यांचा जुना राग उफाळून आला. "तेव्हा यायला हवं होतं हो तुम्ही. पोरीचं पहिलं बाळंतपण. त्या मेल्यांना काय जात होतं व्हिसा द्यायला?"

मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. मी इथे सगळ्यांना 'रिजेक्ट' असं सांगून ठेवलंय, हे आईला तोवर माहीत नव्हतं. ती नातीच्या केसांवरून हात फिरवत, माझ्याकडे अजिबात न बघता म्हणाली, "हो ना. नाही दिला त्यांनी. हिने माझी इतकी छान तयारी करून घेतली होती."