छेदातला एक

पनवेलला आमच्या शेजारच्या खोलीत एक मास्तर एकटेच राहत. बेचाळीसच्या चळवळीच्या धामधुमीत मी मॅट्रिकची तयारी करत होते आणि ते मला ओटीवर गणित शिकवत. प्रत्येक पूर्णांकाखाली रेघ ओढून ते एक लिहीत. "पाच म्हणजे पाच छेद एक. प्रत्येक पूर्णांक परिमेय असतो, प्रत्येक परिमेय मात्र पूर्णांक नसतो. खालचा एक आपण लिहीत नाही, पण तो असतोच." हे सांगताना त्यांची नजर सारखी रस्त्यावर असे.

आईला त्यांचा संशय होता. "एकटा माणूस दोघांपुरती मासळी कशाला घेतो गं?" ती मला विचारी.

एका दुपारी हवालदार आला. "खोलीत कोण कोण राहतं?"

"मी एकटाच," म्हणत मास्तरांनी पाटीवरच्या साताखाली एक लिहिला. तेवढ्यात आतून कुणीतरी खोकलं.

आमच्या दारात उभी असलेली आई लगेच पदर तोंडाशी धरून खोकू लागली, जणू आधीचा खोकलाही तिचाच होता. हवालदार थोडा वेळ बघत राहिला आणि निघून गेला.

मग आई मास्तरांना म्हणाली, "आत कोण आहे ते मला सांगू नका. पण चोर निघाला, तर हवालदाराला मीच बोलावून आणीन."