शेहेचाळीस पावलांवरचं बाक

मोशीतल्या आमच्या सोसायटीत मुकुंदराव पेंडशांइतका हट्टी माणूस दुसरा नाही, हे मी कमिटीवर असताना लेखी द्यायला तयार होतो. चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत चौतीस वर्षं पेंट शॉपमध्ये गाड्या रंगवण्यात काढलेला हा गृहस्थ. रिटायर झाल्यावरही लिफ्टच्या दारावरून बोट फिरवून "इथे रंग पातळ बसलाय" म्हणायचा. कुणी विचारलेलं नसायचं.

त्यांच्या पत्नी अरुंधतीताई. मधुमेहाने त्यांची नजर गेली, आता फक्त उजेड आणि सावली कळते. बिल्डिंगच्या दारातून बाहेर पडायचं, उजवीकडे वळायचं आणि शेहेचाळीस पावलं मोजायची, की कडुलिंबाखाली लाकडी मांडव आणि त्यात एक बाक. परदेशातून मशिनं ज्या खोक्यांत येतात, त्यांचं पाइनचं लाकूड चाकणहून आणून मुकुंदरावांनी स्वतः ते ठोकलेलं. कुणाचा हात न धरता ताईंना जाता येईल अशी तेवढी एकच जागा उरली होती.

आणि तेच बाक मुकुंदरावांनी स्वतःच्या हाताने बिघडवलं. गाडीला देतात तशी पारदर्शक लॅकर, तीही एकावर एक चार कोट. तोंड पाहून भांग पाडावा अशी चकाकी आली होती. पहिल्याच दिवशी ताईंनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "अहो, हे पत्र्यासारखं लागतंय."

"टिकेल," मुकुंदराव म्हणाले. विषय संपला.

एका पावसाळ्यात सगळं उघडं पडलं. थर तडकला, पाणी आत शिरलं, लाकूड काळवंडलं आणि पापुद्रे निघायला लागले. ताईंच्या तळहातात कुसळ घुसलं. मग कमिटीने ठरवलं, दिवाळीपर्यंत नीट झालं नाही तर मांडव काढायचा आणि क्लबहाउसपाशी सिमेंटचं बाक बसवायचं. क्लबहाउस पार्किंगच्या पलीकडे. तिथे ताईंना एकटीने जाणं शक्यच नव्हतं. "त्यांना कुणीतरी सोडेल की," असं मीच त्या सभेत म्हणालो होतो. आज ते वाक्य आठवलं की माझीच मला चीड येते.

मुकुंदराव सभेत भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी खिशात एक पापुद्रा घालून चाकणला निघाले. मला टोचणी लागली होती, म्हणून मी गाडी काढली. खोक्यांचं लाकूड विकणाऱ्या चांदभाईंची तिथे वखार आहे. बाकाचं लाकूड त्यांच्याकडचंच.

चांदभाईंनी पापुद्रा उजेडात धरला. "साहेब, पत्रा पानी पीत न्हाई. लाकूड पितंय. पावसात फुगतंय, उन्हात आकसतंय. त्याच्यावर काच बसवली तर फुटनारच की. त्याला स्टेन पाजायचा, आत मुरनारा तेलाचा रंग. पिईल तेवढा पिऊ द्या, उरला की पुसून टाका."

"पुसून?" मुकुंदरावांचा आवाज चढला. लावलेला रंग पुसायला त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"पुसूनच. न्हाईतर वर चिकट बसतो. आनि बिनरंगी घेऊ नका, ऊन रंगानंच अडतंय. तपकिरी घ्या. चमक मात्र मागू नका."

पुढचे तीन आठवडे मुकुंदराव रोज सकाळी मांडवात. लोखंडी पट्टी घेऊन जुना थर खरवडायचा, मग पॉलिशपेपरने घासायचं. दिवाळीला आठ दिवस उरले तेव्हा लाकूड लोण्यासारखं मऊ लागत होतं. चांदभाईंनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी पाण्याचे थेंब टाकून पाहिले. लाकूड पाणी प्यालं तर ते स्टेनही पिणार. थेंब जसेच्या तसे बसून राहिले.

त्यांनी फोन लावला. "किती नंबरचा कागद मारला?" चांदभाईंनी विचारलं.

"शेवटी सहाशेचा, एकदम बारीक."

"साहेब, परत गाडीच घासली व्हय? सगळी भोकं बुजवली की हो तुमी. ऐंशीचा खरबरीत घ्या, पुन्हा मारा."

पासष्टीचा माणूस, उजवा खांदा धरलेला. मी म्हणालो, "राहू द्या हो, लावून टाका. कमिटीतल्या कुणाला कळतंय?"

"कमिटीला नाही कळणार," ते म्हणाले, "पावसाळ्याला कळेल." आणि ऐंशीचा कागद घेऊन पहिल्या खांबापासून पुन्हा सुरू झाले. मग मीही एक कागद उचलला. चार दिवसांत माझे हात कामातून गेले, पण पाण्याचा थेंब पडला की आत जायला लागला.

स्टेन सकाळच्या सावलीत लावला. रेषांच्या दिशेने ब्रश, कापलेल्या टोकांना दोनदा, कारण टोकं जास्त पितात. दहा मिनिटांनी फडक्याने पुसायचं. तेलकट फडक्यांचा बोळा आपोआप पेट घेतो अशी चांदभाईंची ताकीद होती, म्हणून ती तारेवर सुटी वाळत घातली. काम संपलं तेव्हा अर्धा डबा शिल्लक होता. मुकुंदराव ब्रश धरून बाकाकडे पाहत राहिले. आणखी एक हात मारायला त्यांचा जीव तळमळत होता, ते मला दिसत होतं. मग त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं आणि मुठीने ठोकून बसवलं.

दोन दिवसांनी सेक्रेटरी ऋचा पाहायला आली. "काका, मेहनत दिसतेय. पण जरा मंद नाही वाटत? चमक कधी येणार?"

"येणार नाही," मुकुंदराव म्हणाले. त्यांनी तांब्याभर पाणी बाकावर ओतलं. पोटभर स्टेन प्यालेल्या लाकडावर पाण्याचे मणी झाले आणि घरंगळून गेले. ऋचाने वाकून हात लावला. बाक कोरडं होतं. "क्लबहाउसचं बाक रद्द करा," ती मला म्हणाली.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. अरुंधतीताई पुटपुटत मोजत येत होत्या. शेहेचाळीसला थांबल्या, चाचपून बसल्या आणि तळहात लांबवर फिरवला. परत फिरवला.

"अहो, आता लाकूड लागतंय."

आजवर कधी आपलं चुकलं असं न म्हणालेला तो माणूस खाली मान घालून उभा होता. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस तू," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही."

ताई थोड्या सरकल्या आणि त्यांनी शेजारची जागा हाताने थोपटली.