सातव्या घरातला ग्रह

माझ्या बहिणीच्या जन्मपत्रिकेत सातव्या घरात एक ग्रह मी बसवलेला आहे. एरवी हे काम ब्रह्मदेवाचं. मी एका विमा कंपनीत साधा क्लार्क होतो आणि मला त्यासाठी फक्त एक हिरवं बटण दाबावं लागलं.

विसावं शतक संपत आलं होतं. डोंबिवली पूर्वेला आमच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. आई, मी आणि माझी धाकटी बहीण विद्या. (माझं लग्न व्हायचं होतं. का व्हायचं होतं, ते पुढे वाचल्यावर आपोआप कळेल.) आमच्या ऑफिसने जुनं सामान काढलं, त्यात मी एक यंत्र उचललं. ते छापायचं, कागद वाचून कॉम्प्युटरला सांगायचं, नक्कल काढायचं आणि फॅक्सही करायचं. चार कामं, एक यंत्र! मी ते रिक्षात मांडीवर घेऊन घरी आलो तेव्हा अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात आईला त्याचे गुण सांगितले. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, की चार कामं अंगावर घेणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली आहेत, त्यातलं एकही काम धड होत नाही.

आईचं बोलणं यंत्राने फार मनावर घेतलं. एक कागद मागितला की ते तीन ओढायचं, तीन ठेवले की एकही ओढायचं नाही. पत्र छापायला सांगितलं तर पहिली ओळ ठणठणीत आणि खाली नुसता पांढरा कागद. मध्येच नारिंगी दिवा लुकलुकायला लागायचा. सोबतच्या पुस्तकात अकरा भाषांत माहिती होती आणि अकराही भाषांत दिव्यासमोर एवढंच लिहिलं होतं, की अडचण दूर करा. मी अडचण दूर करायचो. म्हणजे बंद करायचो, चालू करायचो, डावीकडून एक चापट मारायचो, मग उजवीकडून. दोनदा उघडलंसुद्धा. दोन्ही वेळा बंद करताना एकेक स्क्रू जास्तीचा उरला. तरी ते पूर्वीइतकंच चालत होतं, त्यामुळे ते स्क्रू मुळात कंपनीनेच उगाच घातले असावेत, असा निष्कर्ष मी काढला.

विद्या हे सगळं बघत असायची. ती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बेअरिंग तपासायच्या विभागात होती. केसाएवढी फट पट्टी घालून मोजायची आणि माल पास की नापास ते ठरवायची. दोन शिफ्टचे फोरमन तिच्या सहीसाठी ताटकळत उभे राहायचे, असं मी दुसऱ्यांकडून ऐकलेलं. घरी ती त्यातला चकार शब्द बोलायची नाही. एकदा तिने विचारलं, "दादा, मी बघू का जरा?" मी हसून म्हटलं, की हे कॉम्प्युटरचं काम आहे, बेअरिंगचं नाही. ती बरं म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. आज ते आठवलं की मला माझीच कानशिलं तापल्यासारखी वाटतात.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रांची पूजा. शस्त्रं म्हणजे विळी, हातोडी, आईचं शिलाई मशीन आणि विद्याची मोजपट्टी. त्या वर्षी मी यंत्राला चौरंगावर बसवलं. आई म्हणाली, एक बोट कुंकू पुरे. पण जे यंत्र एवढा छळ करतंय त्याला एका बोटात गुंडाळायचं? मी झाकण उघडून आतल्या प्रत्येक रुळाला कुंकू लावलं. कागद जिथून आत जातो त्या तोंडालाही लावलं. वरून झेंडूचा हार घातला आणि मूठभर अक्षता वाहिल्या. मुठीतल्या निम्म्या अक्षता कुठे गेल्या, याचा विचार माझ्या मनात आला नाही. देवाला वाहिलेलं कुठे जातं हे कुणी विचारतं का?

त्याच आठवड्यात नौपाड्याच्या दातारांचं स्थळ आलं. मुलगा श्रीकांत, बँकेत. आईच्या एका मैत्रिणीकडे, कल्याणला, दोघांची गाठ घालून दिली होती. विद्याने आजवर सात-आठ मुलं पाहिली होती. प्रत्येक वेळी घरी आल्या आल्या ती विचारायची, जेवायला काय आहे. या वेळी ती आली, गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि कुंडीतल्या तुळशीला दोनदा पाणी घातलं. जेवायचं तिच्या लक्षातच नव्हतं. आईने माझ्याकडे पाहिलं. इतकं मलाही कळलं.

दातारांनी पत्रिका मागितली. विद्याची पत्रिका एकच होती, आमच्या राजापुराकडच्या गावच्या जोशांनी बोरूने लिहिलेली. जोशी केव्हाच गेलेले, कागद पिवळा पडून पापडासारखा झालेला. आई म्हणाली, कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, तीस पावलं, जाऊन ये. वाचकहो, घरात नक्कल काढायचं यंत्र असताना मी तीस पावलं चालत जाऊ? बिल्डिंगमधल्या लोकांनी काय म्हटलं असतं?

मी पत्रिका यंत्राच्या तोंडात ठेवली आणि हिरवं बटण दाबलं. यंत्राने ती विनातक्रार आत ओढली, खालून बाहेर सोडली आणि पाठोपाठ नक्कल दिली. पहिल्या झटक्यात! नकलेवर मधोमध, चार-चार बोटांच्या अंतराने, लालसर ठिपके उमटले होते. त्यातला एक कुंडलीच्या खालच्या चौकोनात. मी ते पाहिलं आणि मला उलट बरंच वाटलं. शुभकार्याच्या कागदाला कुंकवाची बोटं लागलेलीच असतात. मग मला दुर्बुद्धी सुचली. एवढं छान चाललंय तर घरात एक जास्तीची असू दे, म्हणून मी पत्रिका पुन्हा आत घातली. या वेळी ती आत गेली आणि आतच राहिली. कर्र असा आवाज आला आणि नारिंगी दिवा लुकलुकायला लागला.

मी घरात कुणाला काही बोललो नाही. पहिली नक्कल नौपाड्याला पोचवून आलो, चहा घेतला, यंत्राचं कौतुकही करून आलो. नंतरचे दोन दिवस मी त्या यंत्राशी झुंजत होतो. चिमटा लावला. आईची विणायची सुई घातली, ती आत पडली. पडलेली सुई काढायला दुसरी सुई घातली. यंत्र उलटं करून हलवलं, तेव्हा आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला आणि मी ते घाईघाईने सुलटं केलं. मूळ कागद ओढायची हिंमत होईना. ओढला आणि फाटला तर बहिणीचं लग्न माझ्या हातात दोन तुकड्यांत आलं असतं.

रविवारी दुपारी दातारांचा फोन आला. आवाज सभ्य होता, पण ताठ. त्यांचं म्हणणं असं, की सातव्या घरावर काहीतरी लाल लागलंय. त्यांच्या पत्नीने बोटाने पुसून पाहिलं तर ते कुंकू निघालं, आणि खाली काय आहे ते आता आणखीच दिसत नाही. त्यांचे गुरुजी म्हणाले, की मुलीचा मंगळ लपवायला लोक काय वाट्टेल ते करतात. सातवं घर नेमकं नवऱ्याचं, आणि झाकलं गेलंय नेमकं तेवढंच. "आमचा तसा संशय नाही," दातार म्हणाले, "पण मूळ पत्रिका एकदा डोळ्यांनी पाहू. आम्ही डोंबिवलीतच मेहुण्यांकडे आलोय. तासाभरात येतो."

मी फोन ठेवला आणि दोघींना सगळं सांगितलं. आई मटकन पलंगावर बसली. आयुष्यात तिने कधी मापात पाप केलं नव्हतं आणि आता तिच्यावर मुलीचा मंगळ लपवल्याचा आळ येत होता. मला वाटलं विद्या रडेल, नाहीतर मला मारेल. दुसऱ्याची मी तयारी ठेवली होती.

"मूळ पत्रिका आत्ता कुठाय?" तिने विचारलं.

मी यंत्राकडे बोट दाखवलं.

"दादा, मला तो मुलगा आवडलाय," विद्या म्हणाली. "आत्तापर्यंत कुणाबद्दल बोलले नव्हते. तू आता यंत्राला हात लावू नकोस."

तिने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, ओढणी कमरेला बांधली, शिलाई मशीनच्या खणातून ब्रश आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला. आणि मग मी जे पाहिलं ते आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिने आधी यंत्राला हात लावलाच नाही. पाच मिनिटं नुसतं चहूबाजूंनी पाहिलं, कान लावला, एका बोटाने चाक किंचित फिरवलं. मग एका कागदावर यंत्राचं चित्र काढलं, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच्या त्याच्या जागी ठेवत गेली. दोन जागा रिकाम्या राहिल्या तेव्हा तिने माझ्यापुढे हात केला. मी खिशातून ते दोन स्क्रू काढून दिले. मी इतकी वर्षं ज्या मुलीला भाजी निवडताना पाहत होतो ती ही होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तासाभराने येणारे दातार पाऊण तासातच आले. दारात दातार, त्यांच्या पत्नी आणि श्रीकांत. आत आमची उपवर कन्या मांडी घालून जमिनीवर बसलेली, कोपरापर्यंत काळी शाई आणि कुंकू, दातांत एक स्क्रू, आणि शेजारी टॉर्च धरून मी. आई कुजबुजली, की अगं ऊठ, साडी नेस. विद्याने स्क्रू तोंडातून काढला.

"उठता येणार नाही, आई. ही स्प्रिंग सोडली तर उडेल आणि कागद फाटेल." मग तिने वर पाहिलं आणि श्रीकांतला म्हणाली, "जरा ती टॉर्च धरता का? दादा भलतीकडेच उजेड पाडतोय."

श्रीकांतने चपला काढल्या, पँट किंचित वर ओढली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याने टॉर्च धरली ती बरोब्बर हवी तिथे. मी पाहुण्यांना पंख्याखाली बसवायला गेलो, पण दातार काही बसेनात. तेही वाकून आत बघायला लागले.

विद्याने ब्रशने रुळाखालची धूळ झाडली आणि वर्तमानपत्रावर टपकन एक तांदूळ पडला. मग दुसरा. मग तीन एकदम. दातारांनी ते उचलून बशीत ठेवले. आधी एक विणायची सुई निघाली, मग दुसरी. बशीत तांदूळ वाढत चालले.

"या अक्षता आहेत," दातारांच्या पत्नी म्हणाल्या. "कुंकू लावलेल्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दसऱ्याची हकिकत सांगितली. सांगताना मला वाटत होतं की त्यात माझी भक्ती उठून दिसेल. ती दिसली नाही. श्रीकांतची टॉर्च एकदाच हलली, कारण तो हसत होता. विद्या त्याला म्हणाली, हलू नका. तो हलायचा थांबला.

शेवटी तिने रूळ नखभर वर उचलला, दोन बोटांत कागदाची कड धरली आणि श्वास रोखून पत्रिका बाहेर काढली. सबंध. एक कोपरा दुमडलेला आणि पाठीवर कुंकवाचे दोन पट्टे, बस. आईने डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं होतं, पण मला रडायचा अधिकार नव्हता, म्हणून मी पाणी आणायला गेलो.

दातारांनी चष्मा लावून कुंडली पाहिली. सातवं घर कोरं होतं. मंगळ नाही, शनी नाही, काही नाही. माझा ग्रह सोडला तर तिथे कुणीच राहत नव्हतं. त्यांनी पत्रिका घडी न घालता आईच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "आमचंच चुकलं. मनात आणायला नको होतं."

विद्याने तोवर यंत्र जोडूनही टाकलं होतं. चित्रावर एकही स्क्रू उरला नाही. तिने बटण दाबलं आणि त्यातून कागद निघाला एकच, स्वच्छ. नारिंगी दिवा लागलाच नाही. मग ती हात धुऊन आली आणि तिने आपणहून पोहे टाकले. श्रीकांत टॉर्च हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता. दिवसाउजेडी, चालू टॉर्च घेऊन! ती बंद करायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

लग्न त्याच हिवाळ्यात ठाण्याला झालं. पुढे संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी नौपाड्याला गेलेलो. विद्या आणि श्रीकांत बाहेर गेले होते, घरी दातारकाका एकटेच. बरेच दिवस मनात होतं ते मी विचारून घेतलं, की शेवटी गुण किती जुळले होते.

"गुण?" दातारकाका म्हणाले. "ते आम्ही पाहिलेच नाहीत. तुमच्याकडून निघालो ना, तेव्हा जिन्यातच आमच्या मंडळींनी ठरवून टाकलं. म्हणाल्या, अशा भावाबरोबर इतकी वर्षं राहून ज्या मुलीचं डोकं शांत आहे, तिला आपल्या घरात कसला त्रास होणार?"

थोडक्यात, विद्याचं लग्न जुळलं ते माझ्यामुळे. आई हे अजून मान्य करत नाही, पण मी हे व्याह्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे.